डार्करूममधला चोर उजेड

मी एक जुना एन्लार्जर आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी मला पाहिलेही नसेल. फिल्मवरचे काडेपेटीहून लहान चित्र दिव्याच्या उजेडाने कागदावर मोठे करणे, हे माझे काम.

दौंड स्टेशनजवळच्या साहेबरावांच्या स्टुडिओत माझी उमेदीची वर्षे गेली. शाळांचे वर्ग, नवरा-नवरी, रेल्वेतले कामगार, सगळे माझ्या भिंगातून कागदावर उतरले. मग डिजिटल कॅमेरे आले आणि मी माळ्यावर गेलो. तिथे नुसते पडून राहणे मला कधीच जमले नाही.

एके दिवशी शिरूरच्या कॉलेजातली मोनिका आणि सम्राट आले. फोटोग्राफी क्लबसाठी त्यांना डार्करूम, म्हणजे फोटो धुण्याची अंधारी खोली, उभारायची होती.

"मामा, हे चालतं का अजून?" मोनिकाने विचारले.

"चालतं म्हंजी? न्या खुशाल. पण भंगारात घातलं तर गाठ माझ्याशी हाय!" साहेबराव म्हणाले.

अडगळीची एक खोली क्लबला मिळाली होती. सम्राटने केंदूरच्या आपल्या शेतात अंथरून उरलेला काळा मल्चिंग पेपर आणून खिडक्या झाकल्या. फोटोच्या कागदाला बाधत नाही असा लाल दिवा लावला. प्राचार्य मॅडमची अट मात्र कडक होती: शनिवारपर्यंत एक तरी स्वच्छ फोटो दाखवा, नाहीतर खोलीत पुन्हा मोडकी बाके येतील. म्हणजे मी पुन्हा माळ्यावर.

पहिला फोटो करडा आला. दुसराही. जणू त्यावर राख पसरली होती.

"ह्याच्यातनंच उजेड गळतोय. म्हातारं झालंय बघ," सम्राट म्हणाला.

माझा जीव तळमळला. उजेड कुठून येतो ते मला दिसत होते, पण सांगू कसे?

शुक्रवारी मोनिका म्हणाली, "आधी तपासू." तिने मला बंद केले, उजेडाने काळवंडणाऱ्या फोटोच्या कोऱ्या कागदावर नाणी ठेवली, थोडा वेळ थांबून कागद रसायनात बुडवला. नाण्यांखालचे गोल पांढरे राहिले, बाकी सारे करडे.

"एन्लार्जर तर बंद होता. मग?" मोनिका म्हणाली.

उजेड कुठून येतो ते शोधायला त्यांनी लाल दिवाही घालवला. मिट्ट काळोख. किती वेळ झाला हे पाहायला मोनिकाने सवयीने मनगट उचलले आणि तिचे स्मार्टवॉच लखकन पेटले. सम्राटचे अख्खे तोंड उजळले.

"आगं, तूच हायस की चोर! आन् मी म्हाताऱ्याला शिव्या घालतोय!"

घड्याळ बाहेर गेले. दोघे मोठ्याने आकडे म्हणत वेळ मोजू लागले. ट्रेमधल्या कागदावर हळूहळू एक चेहरा उमटला. सणसवाडीच्या कंपनीतून शिफ्ट संपवून निघालेली मोनिकाची आई, गिताबाई. कपाळावरचा घामसुद्धा स्पष्ट.

शनिवारी मॅडमनी तो फोटो बराच वेळ पाहिला आणि खोलीची किल्ली मोनिकाच्या हातात दिली.

तरी मी निश्चिंत नाही, मित्रांनो. मऊ फडक्याने माझे भिंग पुसायला विसरू नका. पुन्हा काही बिघडले आणि माझा संशय आला, तर आधी मला बंद करून पाहा. आणि आत येताना घड्याळे तेवढी बाहेर ठेवा.