खड्ड्यात न गेलेली गाडी

मी एक जुना हिवाळी टायर आहे. मित्रांनो, मागे एका जानेवारीत आमची पिकअप नाकासकट रस्त्याकडेच्या खड्ड्यात गेली. नंतर ती गेलीच नव्हती असं ठरलं, तेव्हा तुम्हीही तसंच धरून चला.

माझं रबर मऊ आहे. कडाक्याच्या थंडीत उन्हाळी टायर लाकडासारखे ताठतात, मी ताठत नाही. माझ्या अंगावर शेकडो बारीक चिरा आहेत, त्या बर्फ धरून ठेवतात. एवढे गुण घेऊन मी दुकानात बसलो होतो, तेव्हा आमचे मालक आर्वो कंगास आले.

"चार घ्या," दुकानदार म्हणाला.

"दोन. माझी गाडी मागची चाकं ढकलतात. पुढची नुसती वाट दाखवतात."

"बर्फात वाटेचाच तर घोळ असतो, आर्वो."

"सत्तर हिवाळे काढलेत मी इथे. वाट मला पाठ आहे."

म्हणून मी आणि माझा भाऊ मागे लागलो. वजन पडावं म्हणून मालकांनी आमच्या डोक्यावर वाळूची पोती ठेवली. सरोवराकाठच्या चढावर शेजाऱ्यांच्या गाड्या जागच्या जागी गरगरायच्या, आम्ही सरळ वर जायचो. मालक मला बुटाने थोपटून "शाबास!" म्हणायचे. पुढच्या दोघा म्हाताऱ्या टायरांना कोणी लाथही मारत नसे.

मालकीणबाई गेल्यापासून मालकांचा आठवडा एकाच गोष्टीवर उभा होता. शनिवारी दुपारी सहा मैलांवरच्या मित्राकडे, ऑस्करींकडे, सौनाच्या गरम खोलीत बसायचं, वाफ घ्यायची आणि आठवडाभराचं बोलून घ्यायचं. मालकांची मुलगी हेल्मी जिल्ह्याची बर्फ काढायची गाडी चालवते. तिने कॉफी ओतता ओतता बजावलं होतं, "बाबा, आणखी एकदा खड्ड्यात गेलात तर किल्ली माझ्या खिशात. मग जा ऑस्करीकाकांकडे पायी, टॉवेल खांद्यावर टाकून!"

त्या शनिवारी चर्चजवळच्या वळणावर रस्ता काचेसारखा झाला होता. वेग थोडा जास्त होता. थोडा, हे मालकांचं मत. त्यांनी स्टिअरिंग फिरवलं. पुढचे टायर वळले, गाडी वळली नाही. मागून आम्ही जीव तोडून ढकलत होतो. आमच्या निष्ठेत काडीचीही कसूर झाली नाही. त्या निष्ठेनेच आम्ही गाडी खड्ड्यात नेऊन ठेवली.

दहा मिनिटांनी बर्फ काढायची गाडी आली. हेल्मी उतरली.

"बाबा."

"जरा थांबलो होतो. देखावा बघत."

"बर्फात नाक खुपसून?"

"जवळून बघत होतो."

"किल्ली द्या."

मालकांनी मूठ आवळली. "तुझ्याकडे साखळी असेल ना?"

"सरकारी गाडीने खाजगी गाडी ओढायची नाही, असा नियम आहे. नोकरी जाईल माझी."

मालकांनी किल्ली खिशात सरकवली. "मग तू ओढलंच नाहीस. आणि तू ओढलं नाहीस, म्हणजे मी अडकलोच नव्हतो. मग किल्ली कशाबद्दल मागतेस?"

हेल्मीने रस्ता दोन्ही बाजूंना पाहिला आणि साखळी काढली.

"सोमवारी पुढे दोन हिवाळी टायर लागलेले दिसले पाहिजेत," गाडी वर आल्यावर ती म्हणाली. "नाहीतर मी खात्यात जाऊन सगळं कबूल करीन. माझी नोकरी आणि तुमची किल्ली, दोन्ही एकदम जातील."

सोमवारी आमचे दोन धाकटे भाऊ आले. आता मालक वळणाआधीच वेग कमी करतात, ब्रेक हळू दाबतात आणि शनिवारी वाफ घेऊन धडधाकट घरी येतात. माझ्या चिरा मात्र झिजल्या आहेत. त्यांची खोली अजून कोणी मोजलेली नाही.

मित्रांनो, बर्फात चारही टायर एका जातीचे घाला, आणि आम्ही झिजलो की वेळेवर बदला. ढकलणं सोपं असतं. माणूस घरी पोहोचतो तो वळता आणि थांबता आलं म्हणून.

तरी जिल्हा रस्तेखात्याच्या माननीय अधीक्षकांना चारही टायरांची नम्र विनंती की, चालक हेल्मी कंगास यांना स्वतःच्या वडिलांस खड्ड्यातून ओढून काढण्याची लेखी परवानगी, वर्षातून एकदा, पूर्वलक्षी प्रभावाने देण्यात यावी. व सदर अर्ज कोणी केला याची चौकशी करू नये.