चष्मेवाल्याची धाकटी

विद्यापीठात आल्यापासून धाकटीची मान खाली यायचं नाव घेत नव्हती. ग्रंथालयात पुस्तकांना शिडी लावून चढावं लागे. घरी शिडी निघायची ती माळ्यावरचे डबे काढायला! व्याख्यानाच्या दालनात बाकांचा असा काही उतार होता की वरून पाहिलं तर मॅडम अंगठ्याएवढ्या दिसायच्या. पण बोलायला लागल्या की शेवटच्या बाकावरचंही कुणी खोकायला धजत नसे. जगात एवढं सगळं माहीत असलेली माणसं आहेत, आणि ती रोज सकाळी येऊन ते आपल्याला फुकट सांगतात, याचं तिला राहून राहून आश्चर्य वाटे.

आणि नेमकं तिथेच घोडं अडलं. धाकटीला मायक्रोस्कोपमध्ये काहीच दिसेना.

पहिल्या प्रॅक्टिकलला डबक्यातल्या पाण्याचा थेंब होता. आजूबाजूच्या पोरी किंचाळत होत्या, "अगं, पळतंय बघ!" धाकटीच्या भिंगाखाली नुसता पांढरा उजेड. दुसऱ्या खेपेला परागकण, तरी तेच. तिसऱ्या खेपेला तिने शेजारणीच्या वहीतलं चित्र चोरून उतरवलं आणि त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. बाप चष्मेवाला. अर्ध्या गावाला त्याने नजर दिलेली, आणि त्याच्याच पोरीला दिसू नये? तिच्या मनाने घेतलं की ही जागा आपली नव्हेच. इथे लागतात ते डोळे आपल्याला मिळालेलेच नाहीत.

तिने घरी फोन लावला. "बाबा, मला न्यायला या."

 बाबा म्हणाले, "शुक्रवारी दुपारी येतो. पण तोवर वर्ग बुडवू नकोस."

बाबांचा शब्द मोडायचा नाही म्हणून शुक्रवारी धाकटी प्रॅक्टिकलला जाऊन बसली. खोलीवर तिची ट्रंक भरून तयार होती. मॅडम आवारातल्या फुलांचे पराग काचपट्ट्यांवर झटकून वाटत होत्या. पोरगी कसनुशी दिसली म्हणून असेल, त्या धाकटीच्या मागेच थांबल्या.

धाकटीने काचपट्टी हातात घेतली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, काचेवर हाऽ केलं, दोन्ही बाजूंनी लख्ख पुसली, उजेडात धरून पाहिली आणि अलगद भिंगाखाली सरकवली.

"हे काय केलंस?" मॅडम म्हणाल्या.

"कुठे काय?"

"आत्ता. ओढणीने."

धाकटीने ओढणीकडे पाहिलं. टोकाला पिवळी भुकटी लागली होती.

आता यात तिचा तरी काय दोष? त्या घरात काच हातात आली की पुसायची, ही शिकवण नव्हती, तो श्वास होता. गिऱ्हाइकाला चष्मा द्यायचा तो पुसून. पाहुण्यांकडे पाण्याचा ग्लास आला तरी बाबांचा हात आधी खिशातल्या फडक्याकडे जाई, आणि आई डोळे वटारून तो परत फिरवी. आत्या तर म्हणायची, या लोकांच्या घरी आरसासुद्धा अंग चोरून उभा असतो. धाकटी रडत होती, कुढत होती, ट्रंक भरत होती, आणि दर खेपेला आपल्याच हाताने सगळं पुसून टाकत होती. तिला त्याचा पत्ताच नव्हता.

मॅडमना हसू आवरेना. त्यांनी टेबल धरलं. मग डोळे टिपत दुसरी काचपट्टी तयार करून स्वतःच भिंगाखाली ठेवली आणि म्हणाल्या, "हात मागे बांध. आता बघ."

धाकटीने हात मागे बांधले आणि वाकली.

आधी नुसता उजेड दिसला. मग मॅडमनी चाकी किंचित फिरवली, आणि त्या उजेडातून गोळे वर आले. सोनेरी, अंगभर काटे असलेले, एकासारखा एक. कुणी बसून घडवावेत इतके नेटके. फुलाच्या पोटात, जिथे कुणी बघायला जात नाही, तिथे एवढी कलाकुसर!  ती घाबरली, आनंदली, दोन्ही एकदमच.

"माझे डोळे चांगले आहेत," ती पुटपुटली.

"डोळ्यांना काय धाड भरलीय?" मॅडम म्हणाल्या. "हात आवर."

तेवढ्यात दारात बाबा दिसले. चेहरा प्रवासाने उतरलेला, काखेत तिचे कपडे भरायला आणलेली मोठी रिकामी पिशवी. पायातल्या चपला त्यांनी दाराबाहेर काढल्या होत्या, देवळात काढाव्यात तशा. धाकटी धावत गेली आणि त्यांना हाताला धरून टेबलापाशी घेऊन आली. "बाबा, आधी हे बघा. बाकीचं मग बोलू."

मॅडमनी त्यांच्यासाठी नवी काचपट्टी केली आणि त्यांच्या हातात ठेवली. बाबांनी ती दोन बोटांत कडेने धरली, बरोबर चष्मेवाल्यासारखी. दुसरा हात खिशाकडे गेला. फडकं बाहेर आलं.

"बाबा, पुसू नका!"

धाकटीने त्यांचं मनगट पकडलं. बाबा बावरले. तिने काचपट्टी काढून घेतली, ठेवली, चाकी स्वतः फिरवली आणि बाजूला झाली.

बाबा वाकले ते वाकलेलेच राहिले. मुली आवराआवर करून निघून गेल्या, तरी ते उठले नाहीत. शेवटी मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. हातातल्या फडक्याकडे ते असे पाहत होते, जणू ते आजच पहिल्यांदा दिसलं.

"धाकटे," ते हळूच म्हणाले, "जन्मभर मी काय काय पुसून टाकलं असेल गं."

 तिने त्यांची बाही धरली.

बाबांनी फडकं खिशात ठेवलं. मग रिकामी पिशवी टेबलावर पसरून तिची घडी घालायला घेतली. अर्ध्याची अर्धी, मग आणखी अर्धी, खिशात मावेल एवढी.

"उगाच एवढी मोठी आणली," ते म्हणाले, आणि चपला घालायला दाराकडे वळले.