सप्टेंबरची परीक्षा

फोन उचलायला मिरोचे हात झडले होते का? चार दिवस झाले, टेबलावर तो चपटा फोन थरथरत सरकायचा, पार साखरेच्या डब्याला जाऊन टेकायचा, आणि हा छत्तीस वर्षांचा घोडा त्याच्याकडे नुसता बघत बसायचा. घरातसुद्धा टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. भर जूनमध्ये पडदे लावलेले. आईनं उघडले की हा मागून येऊन पुन्हा लावायचा.

"तिकडे कुणी मेलंय का?" पारास्कानं विचारलं.

"एजंट आहे, आई."

"मग बोल की त्याच्याशी. का तेही मीच करू?"

"उद्यापर्यंत कळवायचंय. एक संघ अजून एका वर्षासाठी घ्यायला तयार आहे."

"आणि तू?"

"मी काय... हो म्हणणार."

एरवी पारास्कानं यावर दहा प्रश्न विचारले असते. आज ती बटाटे शिजले का बघायला उठली. शिजलेले होते. ते तिला माहीत होतं.

पारास्का वोरोबेत्स एकाहत्तर वर्षांची होती आणि शाळेत चौथीपर्यंत गेली होती. पाचवीच्या वर्षी बापानं गाई तिच्या हवाली केल्या. नवरा गेल्यावर गाई, शेत आणि मिरो, तिन्ही तिनंच सांभाळलं. उणे तीस अंशांत, पहाटे पाचला, रेडिओही न लागणाऱ्या ट्रकमधून तिनं त्याला गावच्या रिंकवर, बर्फाच्या मैदानावर, नेलं होतं, आठ वर्षं. पुढे त्याच पोरानं चौदा वर्षं मोठमोठ्या शहरांत, भरल्या स्टेडियममध्ये, बर्फावरची हॉकी खेळून दाखवली. रिंकच्या दाराशी त्याचा फोटो होता. जाता-येता ती फोटोकडे बघत नसे. फोटोकडे कोण कोण बघतंय ते बघत असे.

हिवाळ्यात गावच्या ज्युनियर संघात खेळायला बाहेरगावची पोरं येत, त्यांतलं एखादं तिच्या घरी राही. बावीस वर्षांत सतरा पोरं झाली. सध्याचं केलन, उत्तरेकडचं, अठरा वर्षांचं. उन्हाळ्यातही ते घरी गेलं नव्हतं. मिरोकडून शिकायला थांबलं होतं. उद्या ड्राफ्ट होता. मोठे संघ एकेक करून पोरं उचलणार, ते टीव्हीवर बघायला सगळं गाव रिंकच्या हॉलमध्ये जमणार, आणि पारास्का दोनशे पेरोगी, म्हणजे बटाटा-चीजच्या उकडलेल्या करंज्या, करून नेणार.

चीज संपलं म्हणून सकाळी ती दुकानात गेली आणि येताना रिंकवर डोकावली. बर्फ एप्रिलमध्येच काढलेला. खाली नुसती करडी सिमेंटची जमीन. पण कॉफीचं टेबल बारा महिने भरलेलं. गावातले सगळे म्हातारे तिथेच.

"तो बोस्टनकडचा गोलकीपर खेळायचा थांबला म्हणे. कंबर गेली."

"थांबेना का. एकोणचाळीसचा झालाय. माझी कंबर तर तिशीतच गेली होती."

"तुझी कंबर खुर्चीनं खाल्ली," पारास्का म्हणाली.

सगळे हसले. लॉर्ननं तिच्यासाठी खुर्ची ओढली. पस्तीस वर्षं बर्फावर यंत्र फिरवून तो गुळगुळीत करणारा हा माणूस. मिरोला पहिल्यांदा बुटांच्या नाड्या त्यानंच बांधून दिल्या होत्या.

"केलन पहिल्या फेरीत जातो का सांग, पारास्का."

"दुसऱ्या," पलीकडून कुणीतरी म्हणालं. "पोरगं डाव्या बाजूला वळतच नाही."

"तू चाळीस वर्षं बायकोच्या बाजूला वळला नाहीस, तुला कुणी काही म्हटलं?" पारास्कानं सुनावलं.

"बरं ते राहू दे. आपला मिरो काय ठरवतोय? गुपचूप थांबला तर सांग बाई, मानानं त्याची जर्सी छताला टांगायला शिडी आणायला हवी."

"शिडी राहू दे जागेवर. अजून दोन वर्षं आरामात खेळेल. बैल आहे नुसता."

हे तिनं इतक्या ठसक्यात सांगितलं की तिचं तिलाच खरं वाटलं. दारापर्यंत.

लॉर्न मागोमाग बाहेर आला. त्यानं तिच्या हातात किल्ली ठेवली. मिरोच्या ट्रकची.

"काल दुपारी इथे दारात उभा होता. इंजिन चालू, दार उघडं. माणूस नाही. मला वाटलं आत आला असेल. तासाभरानं बंद केला."

"चालत घरी आला असेल. चालणं चांगलं असतं."

"पारास्का."

"काय?"

लॉर्ननं ट्रककडे मान हलवली. तिनं किल्ली चीजच्या पिशवीत टाकली आणि ट्रक तिथेच ठेवून स्वतःच्या गाडीनं घरी आली. काल मिरो पायी आलेला तिनं खिडकीतून पाहिला होता. ट्रक कुठाय, असं विचारलं नव्हतं. मागच्या आठवड्यात तो एका दिवसात तीनदा दूध घेऊन आला होता. तेव्हा तिनं दुधाचं दही लावलं होतं आणि शेजारणीला सांगितलं होतं की आमच्याकडे खाणारी पोरं आहेत.

दुपारी तिघं टेबलाशी बसले. पारास्का पोळी लाटून पेल्यानं गोल कापायची, केलन मध्ये बटाटा-चीजचं सारण ठेवायचा, मिरो कडा चिमटून बंद करायचा. सहा वर्षांचा असल्यापासून हे काम त्याचं. त्याच्या चिमटीची पेरोगी कधी उकलली नव्हती.

"शेपू संपला," म्हणून ती परसात गेली. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती.

"सप्टेंबरमध्ये, मोसमाआधी, एक परीक्षा घेतील," मिरोचा आवाज. "कम्प्युटरवर. शब्द दाखवतात, आकृत्या दाखवतात, मग कुठले होते ते विचारतात. लाल दिसला की बटण दाब, वगैरे."

"ऐकलंय मी."

"ती चांगली द्यायची नाही. हळू दाबायचं. चार-पाच मुद्दाम चुकवायचे. फार नाही, नाहीतर पकडतात."

"का पण?"

"अरे, पुढे डोक्याला मार लागला की हीच परीक्षा परत घेतात. मार्क सप्टेंबरएवढे आले की चल, खेळायला जा. तू आधीच कमी पाडून ठेवलेस तर मार लागल्यावरही तेवढे पडतात. कळलं?"

"भारी आहे हे," केलन हसला.

"चौदा वर्षं एकदाही बाहेर बसलो नाही मी."

पारास्का शेपूची जुडी हातात धरून उभी राहिली. वाफ्यातला एक डास तिच्या मनगटावर बसून पोटभर प्यायला, तरी तिनं हात हलवला नाही. आठवीतल्या मिरोनं एकदा वाटेतली सगळी गावं, त्यांची अंतरं आणि प्रत्येक रिंकवरच्या हॉट डॉगची चव ओळीनं म्हणून दाखवली होती, दोनशे किलोमीटर, तिला ट्रक चालवताना झोप येऊ नये म्हणून. ते मार्क कुठं लिहिलेले होते? कुठेच नाही. ते फक्त तिला माहीत होते.

ती आत आली. काही न बोलता तिनं पहिला घाणा उकळत्या पाण्यात सोडला. पेरोगी तळाला जातात, शिजल्या की वर येतात. पण यांतल्या काही पडल्या पडल्याच वर आल्या आणि पांढऱ्या पाकळ्यांसारख्या तरंगत राहिल्या. एक, दोन, मग नऊ.

तिनं एक झाऱ्यावर घेतली, दाबली. आत काही नव्हतं. केलननं सारण ठेवायच्या आधीच मिरोनं गोल उचलले होते आणि नुसतेच मिटले होते. कडा मात्र नेहमीसारख्या, घट्ट, एकसारख्या.

केलननंही ते पाहिलं. त्याच्या तोंडावरचं हसू गेलं.

"माझीच चूक, आजी," तो घाईघाईनं म्हणाला. "मी सारण ठेवायला विसरलो."

"तू नाही विसरलास." तिनं झारा खाली ठेवला. "आणि मुद्दाम चुकायची सवय माझ्या घरात लावून घेऊ नकोस. खिडकी उघडी आहे, मी बहिरी नाही."

"आजी, सगळेच करतात..."

"सगळ्यांना मी जेवायला घालत नाही. उद्या तुझी आई येणारे. तिच्यासमोर म्हणून दाखव हे."

केलननं मान खाली घातली. मिरोनं टोपी काढली, पुन्हा घातली.

"मिरो, तुझे खरे मार्क किती?"

"कशाचे?"

"सप्टेंबरचे."

तो बोटांवरचं पीठ चोळू लागला.

"माहीत नाही. नीट कधी दिलीच नाही ना. पहिल्या वर्षापासून."

"म्हणजे डोक्यातलं काय काय गेलं, ते डॉक्टरलाही सांगता यायचं नाही."

"डॉक्टरचं काय त्यात? मला मळमळतं फक्त. उजेड लागतो डोळ्यांना. होईल बरं."

"ट्रक कुठाय तुझा?"

"बाहेर."

पारास्कानं चीजच्या पिशवीतून किल्ली काढून टेबलावर ठेवली. मिरोनं खिडकीकडे बघितलं, मग पडदा बाजूला करून अंगणात बघितलं. अंगणात तिची जुनी गाडी होती आणि तिच्या शेजारी मोकळी जागा होती. तो परत येऊन बसला तेव्हा त्याला आईकडे बघवेना.

तिनं त्या नऊ रिकाम्या पेरोगी एका ताटलीत काढल्या, वर घट्ट साय घातली, आणि त्याच्यासमोर बसून एकेक करून खाल्ल्या. टाकून द्यायच्या नव्हत्या तिला. केलन उठून नवं पाणी ठेवायला गेला, नीट, आवाज न करता.

फोन थरथरायला लागला. सरकत सरकत साखरेच्या डब्याला टेकला. मिरोनं हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. पारास्कानं अॅप्रनचं टोक घेऊन बोटं पुसली, फोन उचलला आणि त्याच्या पिठाच्या हातात ठेवला.

"चौथीत मला जेवढं येत होतं तेवढंच मी लिहिलं, मिरो, बाकी पाटी कोरी दिली. बाईंनी छड्या मारल्या, पण माझे मार्क माझे होते. तुझे तू चौदा वर्षं चोरलेस, आणि आज सकाळी गावासमोर मीही तुझ्यासाठी खोटं बोलले. आता बास. तू थांबलास. हे त्याला आत्ता सांग, लॉर्नला शिडी काढायला मी सांगते. आणि सोमवारी मी तुला डॉक्टरकडे नेईन, तिथे येतं तेवढंच सांग. नाही आलं तर कोरं ठेव. मी शेजारी बसलेली असेन."