बिजागरीचं पाकीट

त्या कॉलेजात विषय कुणी हातात ठेवत नसे. ज्याचा अभ्यास त्यानंच आखायचा. काय शिकणार, कुणाकडून शिकणार, सगळं स्वतःच्या अक्षरात लिहून द्यायचं. एक जण पूल आणि गाणी एकत्र शिकत होता. एक पोरगी तीन वर्षं नुसत्या मिठाच्या मागे लागली होती. आणि सुताराच्या या लेकीनं लिहून दिलं, ‘दारं’. घरांची, दुकानांची, तुरुंगांची. दार घडतं कसं, कायदा त्याबद्दल काय म्हणतो, माणूस ते कधी आपटतो, सगळं. पहिल्याच आठवड्यात तिला ‘बिजागरी’ नाव पडलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

एक रीत मात्र सगळ्यांना सारखी. शेवटच्या परीक्षेला प्रश्न एकच, आणि तो ज्याचा त्यानं पहिल्याच दिवशी लिहायचा, पाकिटात घालून, चिकटवून ऑफिसात द्यायचा. तीन वर्षांनी ते पाकीट फोडून तीन माणसांसमोर उत्तर द्यायचं. लिहिलेला प्रश्न बदलायचा नाही.

आज बत्तीस वर्षांनी बिजागरी त्याच पाकिटासाठी सात नंबरच्या खोलीबाहेर बाकावर बसली होती. वय एक्कावन्न, दुकानात चार कारागीर हाताखाली, आणि बाई दोनदा उठून परत जायला निघाली होती! कारण पाकीट कोरं होतं. हे जगात फक्त तिला माहीत होतं. त्या पहिल्या दिवशी दोन तास ती पेन चावत बसली होती. एक प्रश्न पोरकट वाटला, दुसरा फारच शहाणा. शेवटी शिपाई कुलूप घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा तिनं कोरा कागद घडी करून आत सरकवला. नंतर मागून घेऊ गुपचूप, असं मनाशी म्हणाली. कसलं नंतर नि कसलं काय!

बाकावर बसल्या बसल्या तिनं सात नंबरचं दार न्याहाळलं. दुसऱ्या वर्षी तिनंच बसवलेलं. त्या दिवशी बाबा मुद्दाम आले होते. इस्त्रीचा शर्ट घालून, हत्यारांची पिशवी पाठीमागे लपवत. तिच्या मित्रांनी त्यांना गराडा घातला, मिठवाली तर वहीच घेऊन बसली, आणि एरवी तोंडातून शब्द न काढणारा हा माणूस रंध्यावर तासभर बोलला. जाताना त्यांनी खिशातून पोस्टकार्ड काढून बंद दाराच्या फटीतून सगळीकडून फिरवलं आणि म्हणाले, “जमलंय गं.” तेवढ्या दोन शब्दांवर ती आठवडाभर हवेत होती. काय दिवस होते ते!

परीक्षा दोन महिन्यांवर आली आणि बाबा शिडीवरून पडले. पाय मोडला. ती दुकान सांभाळायला घरी आली. सहा महिन्यांत बाबा हिंडूफिरू लागले, पण ही काही परत गेली नाही. कोऱ्या कागदासमोर उभं राहून सगळ्यांदेखत शोभा करून घ्यायची? त्यापेक्षा दुकान बरं. दर वर्षी कॉलेज उघडलं की बाबा म्हणायचे, “जा, तेवढं उरकून ये.” ही म्हणायची, “वेळ कुठंय, बाबा?” आणि बाबा आल्यागेल्याला सांगत राहिले, “माझ्या एका पायानं पोरीची पदवी घालवली.” चार वर्षांपूर्वी ते गेले, तेही असंच म्हणत. ती शेजारीच बसली होती आणि तिनं तोंड उघडलं नाही.

आता कॉलेजचं पत्र आलं होतं. अपुऱ्या राहिलेल्या फायली वर्षअखेर कायमच्या बंद होणार, पूर्ण करायचं असेल तर या.

आत तिघं बसले होते. तिचे त्या वेळचे सर, आता काठी टेकत चालणारे. एक तरुण प्राध्यापिका. आणि रीतीप्रमाणे एक विद्यार्थी. ऑफिसातल्या ताईंनी पिवळं पडलेलं पाकीट टेबलावर ठेवलं. सरांनी ते उचललं मात्र, बिजागरीच्या तोंडून निघून गेलं, “फोडू नका, सर. कोरं आहे ते.”

“बरं मग?” सर म्हणाले.

“म्हणजे? मी नापास ना?”

सर खो खो हसले. “अगं वेडे, निम्मी पाकिटं कोरीच निघायची! एकोणिसाव्या वर्षी कुणाला सुचतंय? लिहिलेलं बदलायचं नाही. कोऱ्यात बदलायचं काय? अशांना आम्ही म्हणायचो, बस, आता लिही.”

“हे मला कुणी सांगितलं का नाही?”

“तू विचारलंस कुणाला?”

तिला सरांचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि मग ती त्या तिघांसमोर हमसून हमसून रडली. प्राध्यापिकेनं पाण्याचा ग्लास पुढे केला. तो संपवून तिनं स्वतःच पाकीट फोडलं आणि त्याच कोऱ्या कागदावर लिहिलं, ‘दार बसवल्यावर बाबा फटीतून पोस्टकार्ड का फिरवायचे?’

उत्तराला ती खुर्चीवरून उठली. सात नंबरचं दार लावून कॉलेजच्याच पत्राचं पाकीट फटीतून वरून खाली नेलं. “हवेत ओल आली की लाकूड फुगतं. एवढी जागा आजच सोडली नाही, तर चार महिन्यांनी दार अडतं आणि घरातली माणसं त्याला लाथा घालतात. तेव्हा सुतार तिथं नसतो. म्हणून त्यानं आधीच बघून जायचं.” पाकीट कुठंही अडकलं नाही. सरांनी सही केली.

ताईंनी फाईल उघडली. “पदवीचं पत्र महिन्याभरात येईल. फक्त ही एक नोंद आहे. ‘अभ्यास अपुरा राहण्याचं कारण: वडिलांचा अपघात.’ ही राहू द्यायची ना?”

“नाही,” बिजागरी म्हणाली. “खोडा ते.”

“मग काय लिहू?”

“लिहा, प्रश्न सुचला नव्हता आणि सांगायची लाज वाटली.” ताई लिहायला लागल्या तशी ती टेबलावर वाकली. “आणि ताई, वडिलांचं आधी खोडा. नीट खोडा, वाचता येता कामा नये.”