मैनेच्या मानेवरची खाज

मित्रांनो, मी एक जुना खरारा आहे. लोखंडी दात, लाकडी मूठ. नंदनवन नावाच्या वस्तीच्या मागे भागीरथाबाईंच्या गोठ्यात मी खुंटीला टांगलेला असतो. रोज सकाळी मी मैना गाईच्या मानेवरून फिरलो की ती डोळे मिटून पान्हा सोडायची. बाई कौतुकाने म्हणायच्या, "खरारा नाही, जादू आहे." मलाही ते खरं वाटायचं.

गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी शेजारचे देवाजी आले.

"भाभी, खरारा दे न वं. बैल सजवाचा आहे."

"पोळा आला का माहा खरारा आठवते तुले! सांजेले आणून दे, नाही तं तुलेच खरारा करीन."

देवाजींच्या बैलाच्या मानेवरचे केस गेले होते, खपल्या धरल्या होत्या. "जू घासलं," ते म्हणाले आणि मला त्यावरूनच फिरवलं. परत आलो तेव्हा माझ्या दातांत त्या खपल्या अडकलेल्या होत्या. बाईंनी मला खांबावर एकदा आपटलं आणि मैनेच्या मानेवर ठेवलं.

तीन आठवड्यांनी मैना खांबाला मान घासू लागली. थांबायची, पुन्हा घासायची. रक्त आलं. वासरू जवळ आलं की लाथ मारायची. त्याच्या फासळ्या दिसू लागल्या.

"काहून करून राहिली वं असं?" बाई रडकुंडीला आल्या. माश्या चावत असतील म्हणून त्यांनी कडुनिंबाचा धूर केला. माश्या गेल्या, खाज राहिली. मग त्या मलाच अधिक जोराने फिरवू लागल्या. मी ओरडू शकत नव्हतो.

शेवटी पशुवैद्य दामिनीताई आल्या. त्यांनी कातडी खरवडून नेली आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, "मावशी, हे माश्यांचं काम नाही. खरजेचे किडे आहेत, डोळ्यांना न दिसणारे. हा खरारा आणखी कुठे गेला होता?"

बाईंनी मला खुंटीवरून काढलं. मला वाटलं, आता भंगारात. पण त्या म्हणाल्या, "मैनेले सुई द्या, वासरालेही. अन् देवाजीच्या बैलाले पहिले. नाही तं हे पुन्हा येईन."

मला उकळत्या पाण्यात टाकलं, मग कडक उन्हात ठेवलं.

मित्रांनो, मैनेच्या मानेवर आता मऊ लव आली आहे. वासरू पोटभर पितं. देवाजींनी स्वतःचा खरारा घेतला. ज्याचा खरारा त्याच्याच अंगाला लावा, आणि धुतल्याशिवाय टांगू नका. मैना पुन्हा मान पुढे करते. तिचा विश्वास बसला आहे. माझे दात मात्र तिला टेकण्याआधी अजून थरथरतात.