हातमोज्यांची टोपली

आमच्या गावात जानेवारी महिन्यात अठरा मुलांना बर्फात खेळायला न्यायचे, तर त्यांना कपडे चढवण्यातच पाऊण तास जातो. जाड विजारी, बूट, टोप्या आणि सर्वांत शेवटी हातमोजे. तोवर पहिल्याला लघवी लागलेली असते. पाळणाघरातल्या शिक्षिकेची खरी परीक्षा या पाऊण तासात होते, आणि टॅम्सिनसारखे मूल वर्गात टिकणार की नाही, याचा निकालही तेव्हाच लागतो.

टॅम्सिन चार वर्षांची होती. ती बोलत नसे. गोंगाट वाढला की कानांवर हात दाबून दाराकडे धावत सुटे. अशा मुलांना वर्गात सामावून घेण्यासाठी शिक्षिकांना साहाय्य करणे, ही माझी नोकरी. मी दर पंधरवड्याला येऊन बसतो, पाहतो, सुचवतो आणि वर्षातून एकदा अहवाल लिहितो. त्या अहवालावरून राजधानीतले कार्यालय मुलासाठी जादा मदतनीस देते, किंवा देत नाही.

टॅम्सिनच्या वर्गशिक्षिका नोरीनबाईंना मी काही सुचवण्याची वेळच आली नाही. त्यांनी हातमोज्यांची टोपली टॅम्सिनच्या हाती दिली होती. कोणता जोड कोणाचा, हे त्या मुलीला अचूक ठाऊक असे. ती एकेकाच्या मांडीवर त्याचा जोड ठेवीत पुढे सरके. मदतनीस डेल्फीन तिच्यामागे, ती आणि दार यांच्या मधोमध उभी राही, आणि आवाज चढला की तिच्या खांद्यावर हात ठेवी. त्या दिवशी मी मोजले: अठरा जोड, एकही चूक नाही.

मुले बाहेर गेल्यावर नोरीनबाईंनी विचारले, "काय लिहिणार आहेस?"

"जे पाहिलं ते."

"ते नको. नोव्हेंबरात ती डेल्फीनला चावली होती ना, तो दिवस लिही. सगळे वाईटात वाईट दिवसच लिहितात. कार्यालयालाही ते माहीत आहे. ते त्यातलं निम्मंच धरतात."

"आणि मी खरी गरज लिहिली तर?"

"तिचंही निम्मंच धरतील. याच खोलीत मी तुझं नाक पुसलंय, लॉर्न. माझं ऐक."

मी ऐकले नाही, वाद घातला. "नोरीनबाई, पोरगी वर्षभर झगडून काही शिकते, आणि आपण कागदावर तिला चावरी ठरवायचं? डेल्फीन आहे म्हणून हे जमतं, असं मी स्पष्ट लिहीन."

"बोलतोस छान. लहानपणीसुद्धा बूट घालायच्या आधी भाषण करायचास."

अहवाल मी तीनदा नव्याने लिहिला. पुराव्याहून मोठे एकही विशेषण त्यात ठेवले नाही. नियमाप्रमाणे एक प्रत टॅम्सिनच्या आईला, आयरीन ह्रिंचुक यांना, पाठवली. कार्यालयाचे उत्तर दोन ओळींचे होते: लक्षणीय प्रगतीबद्दल अभिनंदन, एक फेब्रुवारीपासून मदतनिसाची आवश्यकता उरलेली नाही.

नऊ फेब्रुवारीला नोरीनबाई गुडघे टेकून एकाच्या कोटाची अडकलेली चेन ओढत होत्या. पलीकडे दोघे भांडू लागले, तिसरा रडू लागला. टॅम्सिनने टोपली खाली ठेवली, दार उघडले आणि ती नुसत्या पायमोज्यांवर बर्फात चालत गेली. चार मिनिटांनी ती कुंपणापाशी सापडली. पायाची बोटे शाबूत होती. दुसऱ्या दिवशी संचालिकेने आईला कळवले, की मदतीची सोय होईपर्यंत मुलीला घरीच ठेवावे.

मी फेरविचारासाठी नवा अहवाल लिहायला बसलो. नोरीनबाई सांगत गेल्या: चावणे, ओरडणे, पळणे. "आणि कोणाची वस्तू कोणती, हे तिला कळत नाही, असंही घाल."

"हे तर खोटं आहे."

"ती दार उघडून गेली तेव्हा तुझं खरं कुठे होतं?"

मी ते वाक्य घातले.

आईची सही हवी होती, म्हणून त्यांच्या घरी गेलो. स्वयंपाकघरात फ्रिजवर माझ्या पहिल्या अहवालाचे दुसरे पान लावलेले होते. अठरा जोडांच्या वाक्याखाली लाल रेघ ओढलेली.

"तिच्याबद्दल असं कोणी लिहिलं नव्हतं," आयरीनबाई म्हणाल्या. "डॉक्टरांनीसुद्धा नाही. सकाळी कॉफी होईपर्यंत वाचते मी."

मग त्यांनी नवा कागद वाचला. एका ओळीवर बोट थांबले. "हे तुम्हीच लिहिलंत?"

"हो."

"आणि ते?" त्यांनी मान न वळवताच फ्रिजकडे हात केला.

"तेही मीच."

"दोन्हींतल्या कोणत्या कागदावर मदत मिळते?"

"या नव्यावर."

त्यांनी सही केली. मग उठून फ्रिजवरचे पान काढले, घडी घातली आणि खणात ठेवले.

मी निघायला उठलो, तेव्हा टॅम्सिन बाहेरच्या खोलीतल्या बाकाकडून आली. तिथे घरातल्या सगळ्यांच्या टोप्या-हातमोज्यांचा ढीग पडला होता आणि माझेही त्यातच मिसळले होते. तिने माझ्या हातातल्या अहवालावर एक जोड ठेवला. तो माझाच होता.

मी आयरीनबाईंकडे पाहिले. त्यांनीही ते पाहिले होते.

"निघा आता," त्या म्हणाल्या. "टपाल चारला जातं."