रांगोळीतलं दहावं घर

सुलतानपूरच्या मुलींच्या शाळेत चौथीचा वर्ग मिळावा म्हणून जनकाबाईंनी काय कमी खटपट केली होती? कैक वर्षं पहिलीच्या पोरींची नाकं पुसली, पाटीवर ‘एक’ हा आकडा गिरवून घेतला, तेव्हा कुठं चौथी हाती आली. अन् आली तीही नेमकी दशांशाचं गणित पुस्तकात घुसलं त्याच साली. शेर-मण गेले, किलो-मीटर आले, अन् जिकडंतिकडं ते एवढंसं टिंब येऊन बसलं.

हेडमास्तर नारायणराव तसे भले, पण तपासणी म्हटली की फार धास्तावायचे. त्यांनी बाईंना स्पष्टच सांगून टाकलं होतं: तपासणीला येणाऱ्या साहेबांसमोर पोरी दशांशात अडकल्या, तर चौथी दुसऱ्या मास्तरांकडं जाईल अन् तुम्ही परत पहिलीवर.

बेरजा तर पोरी करत होत्या. टिंबाखाली टिंब मांडायचं, झालं. पण अंबू नावाच्या पोरीनं घोडं अडवलं. "बाई, नऊ अन् एक दहा. मंग पॉइंट नऊ अन् पॉइंट एक मिळून पॉइंट दहा काऊन नाही?"

बाईंनी नियम सांगितला: दहा झाले की हातचा एक टिंबापलीकडं. अंबूनं मान हलवली, पण तिला काही ते पटलं नाही. अन् खरं सांगायचं तर बाईंनाही कुठं पटलं होतं? नियम पाठ होता, इतकंच. ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली.

मग त्यांना रांगोळी सुचली. एक मोठा चौकोन आखायचा, त्यात शंभर घरं. अख्खा चौकोन म्हणजे एक, त्यातली उभी ओळ म्हणजे पॉइंट एक. घरं भरत गेलं की बेरीज डोळ्यांनाच दिसेल. तपासणीच्या सकाळी त्यांनी शाळेचं अंगण सारवून घेतलं अन् ठिपके मांडले. दहा ठिपके, दहा ओळी. हात सवयीचा, त्यात विचार तो काय करायचा? पोरींनी ओच्यात पळसाची फुलं आणली होती, अंबूनं कडुनिंबाचा पाला.

साहेब खुर्चीवर बसले. बाईंनी पॉइंट नऊ भरायला सांगितले. पोरी एकेक उभी ओळ केशरी करत गेल्या. नववी ओळ भरली, अन् चौकोनच संपला.

अंबू पाला घेऊन तशीच उभी. "बाई, माह्या पाल्याले घरच नाही."

बाईंनी भरल्या चौकोनाकडं पाहिलं. म्हणजे पॉइंट नऊ हाच एक? नारायणराव रुमालानं मान पुसू लागले. चौथी गेली, असं बाईंच्या मनानं घेतलं अन् त्या तिथंच खाली बसल्या. बसल्या म्हणून बोट ठिपक्यांवर गेलं. ठिपके बरोबर दहा होते. पण घर काही ठिपक्यावर नसतं, ते दोन ठिपक्यांच्या मधी असतं. दहा ठिपक्यांत घरं नऊच. जन्मभर रांगोळ्या घातल्या, पण मोजले ते ठिपके. घरं कोण मोजतं?

त्यांनी काही लपवलं नाही. ठिपके मोजले, घरं मोजायची राहिली, असं साहेबांदेखत पोरींना सांगून टाकलं. चिमटीत रांगोळी घेऊन खाली एक ओळ वाढवली, उजवीकडं एक वाढवली. केशरी ओळींखालची नवी घरं पोरींनी फुलांनी भरली. आता उजव्या कडेची दहावी ओळ तेवढी उघडी राहिली. सगळ्या जणी तिच्याकडं बघत होत्या.

अंबू पुढं झाली. वरपासून खालपर्यंत दहा घरांत तिनं पाला घातला. शेवटचं घर भरलं, अन् चौकोनात बोट ठेवायलाही जागा उरली नाही.

साहेबांनी विचारलं, मग हे पॉइंट दहा झाले का? अंबू हिरव्या ओळीकडं बघत राहिली.

"पॉइंट दहा तं एवढेच हायेत, साहेब. ही एक पट्टी, शंभरातल्या दहा घरांची. अन् हे तं सारंच भरलं." तिचा आवाज बारीक झाला. "हा एक हाय. अख्खा."

साहेब उठले, वहाणा काढल्या अन् अनवाणी चौकोनाभोवती एक फेरी मारून आले. नारायणरावांना म्हणाले, चौथी बाईंकडंच राहू द्या.

बाईंना ते ऐकूसुद्धा गेलं नाही. त्या अजून मातीवरच बसल्या होत्या. समोर सगळा केशरी चौकोन, कडेला हिरवी पट्टी. डोळे भरून आले तरी नजर काही हलेना.

"अंबे," त्या म्हणाल्या, "मी इतके वर्स एक शिकवला वं, पण पाह्यला आजच."